‘हा... हा...’ : मेंदूचं ऑपरेशन चालू असताना मावशी चित्रांची नावं का सांगत होती?

ऐकणाऱ्यांसाठी ऑडिओ आहेच. लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून वाचणाऱ्यांसाठी हे लिखित रूप. बोलताना लावलेलं थोडं पाल्हाळ कापलंय, बाकी जसंच्या तसं आहे. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण गेल्या वर्षी या विषयात मला नाइलाजानं डोकं घालावं लागलं.

तर कल्पना करा. ऑपरेशन थिएटर. एक बाई उजव्या कुशीवर झोपलेली, डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेलं. डोक्याच्या डाव्या बाजूला कवटीचा एक तुकडा काढलेला, आत मेंदू उघडा. आणि बाई टक्क जागी. तिच्या तोंडासमोर स्पीच थेरपिस्ट टॅबलेट धरून बसलीय.

पहिलं चित्र. ‘हा पतंग आहे.’ दुसरं. ‘ही कात्री आहे.’ तिसरं, कंगवा. ‘हा... हा...’ आणि पुढे काहीच नाही. तीन-चार सेकंद गेले. मग एकदम, ‘हा कंगवा आहे! अगं, मला माहीत होतं ते.’

पडद्याच्या पलीकडून सर्जन म्हणाले, ‘इथे खूण करा.’ मेंदूवर त्या जागी नखाएवढा निर्जंतुक तुकडा ठेवला गेला, वर आकडा लिहिलेला. त्या जागेला आता कोणी हात लावणार नव्हतं.

ही बाई म्हणजे माझी मोठी मावशी. सोलापूरला शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं तिनं. मी अर्थातच आत नव्हतो, बाहेर बाकड्यावर बसून चौथा चहा पीत होतो. हे सगळं नंतर मावशीनं आणि तिच्या थेरपिस्टनं सांगितलेलं.

सुरुवात झाली ती एका आकडीनं. त्याआधी काही महिने शब्द अडत होते, ‘ते हे दे रे, ते हे’ असं चालायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, कपाळ आणि कानशिलाच्या मधे गाठ दिसली. ग्लायोमा, हळू वाढणारा. मुंबईतल्या सर्जननी सांगितलं की ऑपरेशन करू, पण मधला काही वेळ पेशंटला जागं ठेवून. घरात सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. मावशी फक्त एवढंच म्हणाली, ‘म्हणजे माझी तोंडी परीक्षा घेणार तर.’

पण जागं ठेवायचं कशाला? पूर्ण भूल देऊन गाठ काढून टाका ना, असं मला पण वाटलं होतं.

अडचण अशी की ग्लायोमा म्हणजे आंब्याच्या कोयीसारखी गोष्ट नाही, की साल कापली आणि कोय बाहेर काढली. सुती कपड्यावर हळद सांडली की मधे गडद डाग असतो आणि कडेला तो फिका होत होत कापडात विरून जातो, तसं आहे हे. डाग नेमका कुठे संपला? सांगता येत नाही. कडेच्या भागात गाठीच्या पेशी आणि कामाच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. कधी कधी तर गाठीच्या आतल्या भागातही भाषेचं काम चालू असतं. एमआरआय तुम्हाला गाठ दाखवतो, पण हा भाग काढला तर माणूस बोलेल की नाही, ते दाखवत नाही.

फंक्शनल एमआरआय असतो, तो आधी करतातही. पण एखादं काम करताना कुठले भाग सहभागी होतात तेवढंच त्यातून कळतं. ऑफिसात एका मेलवर वीस जण सीसीत असतात. त्यातला कोण सुट्टीवर गेला तर काम ठप्प होईल, हे सीसीची यादी बघून कळतं का? तसंच. शिवाय ऑपरेशनच्या वेळी जीपीएससारखं नेव्हिगेशन लावलेलं असतं, पण कवटी उघडून द्रव बाहेर गेला की मेंदू थोडा खाली बसतो, सरकतो. मग सकाळचा नकाशा दुपारी काही मिलिमीटरनं चुकायला लागतो.

‘पण पुस्तकात दिलेलं असतं ना, भाषा कुठे असते ते?’ हा माझा पुढचा प्रश्न होता. हो, दिलेलं असतं. इथून गोष्ट रंगतदार होते.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे लबोर्न्य नावाचा एक पेशंट आला. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं समजायचं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, ‘तां’. काहीही विचारा, ‘तां तां’. लोक त्याला त्याच नावानं ओळखायचे. तो काही दिवसांतच वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम होती. तेव्हापासून त्या जागेला ब्रोकाचा भाग म्हणतात. १८७४ मध्ये कार्ल व्हर्निकेनं मागच्या बाजूचा, समजण्याशी संबंधित भाग सांगितला. दोन ठिपके, मधे एक तार. आपल्या पाठ्यपुस्तकांतही अजून साधारण हेच चित्र छापतात.

गंमत म्हणजे ब्रोकानं तो मेंदू कापला नाही, जपून ठेवला. २००७ साली संशोधकांनी त्याचा एमआरआय केला. तेव्हा दिसलं की जखम वरवरची नव्हती, ती आत खोलवर गेली होती, जोडणाऱ्या तारांपर्यंत. म्हणजे दीडशे वर्षं आपण पृष्ठभागावरच्या ठिपक्याला दोष देत बसलो, आणि नुकसान वायरिंगचंही होतं. आयटीतल्या लोकांना हा अनुभव नवीन नसावा.

जाग्या माणसाच्या मेंदूवर वीज लावून बघायची पद्धत विसाव्या शतकात रुळवली ती मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डनी, आकडीच्या पेशंटांवर ऑपरेशन करताना. पण ज्या कामानं पुस्तकातला नकाशा हलला ते सिएटलच्या जॉर्ज ओजमनचं. १९८९ मध्ये त्यांनी ११७ पेशंटांचे नकाशे एकत्र मांडले. चित्राचं नाव सांगताना जिथे अडथळा येतो त्या जागा बहुतेक वेळा छोट्या होत्या, एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या. आणि प्रत्येक माणसात वेगळ्या ठिकाणी. तुमची आणि माझी भाषा बहुधा डाव्याच बाजूला असेल, पण गल्ली आणि घर नंबर वेगळा.

म्हणून नकाशा त्या त्या माणसात, त्याच दिवशी, मेंदू उघडा असतानाच काढावा लागतो. आणि तो काढायला माणूस बोलता हवा.

आता दुखत कसं नाही, हे सगळ्यांना हवं असतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यात वेदनेचे ग्राहकच नसतात. दुखते ती डोक्याची कातडी, स्नायू आणि मेंदूवरचं जाड आवरण. भूलतज्ज्ञ कातडीला संवेदना देणाऱ्या नसांजवळ बधिर करण्याचं औषध टोचतात, दाताच्या डॉक्टरकडे टोचतात तसंच, फक्त अनेक ठिकाणी. सुरुवातीला, कवटी उघडताना, पेशंटला झोपवलेलंच असतं. मग झोपेचं औषध कमी करून जागं करतात, नकाशा काढतात, गाठ काढताना बोलतं ठेवतात, आणि शेवटी टाके घालताना परत झोपवतात. मावशीला त्रास झाला तो भलत्याच गोष्टीचा. एका कुशीवर पडून खांदा अवघडला, आणि घसा कोरडा पडला.

हे सगळ्यांना जमतं असं नाही. फार घाबरणारा माणूस, लहान मूल, सतत खोकला असलेला, किंवा ज्याची भाषा आधीच बरीच गेलीय, अशांच्या बाबतीत डॉक्टर दुसरा मार्ग बघतात.

आता मुख्य भाग. सर्जनच्या हातात पेनासारखं उपकरण असतं, टोकाला दोन बारीक गोळ्या, एकमेकींपासून साधारण ५ मिलिमीटर. त्यातून काही मिलिअँपिअरचा, सेकंदाला ५०-६० ठोक्यांचा प्रवाह काही सेकंदच देतात. त्या जागेचं नेहमीचं काम तेवढ्यापुरतं विस्कटतं. कोडमधली एक ओळ तात्पुरती कमेंट आउट करून प्रोग्रॅम अजून चालतोय का बघतो ना आपण, अगदी तेच. फरक एवढाच की इथे डॉक्युमेंटेशन नाही, बॅकअप नाही, आणि सर्व्हर लाइव्ह आहे.

चित्र दिसायच्या किंचित आधी प्रवाह सुरू होतो. पेशंटला कधी प्रवाह आहे आणि कधी नाही हे सांगत नाहीत. एकाच जागी लागोपाठ लावत नाहीत, कारण त्यानं आकडी येऊ शकते. फिरून फिरून प्रत्येक जागा किमान तीनदा तपासतात. आकडी सुरू झालीच तर मेंदूवर बर्फासारखं थंड सलाइन ओततात, आणि ती बहुतेक वेळा थांबते. इतका साधा उपाय ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली होती.

चुका किती प्रकारच्या असतात बघा. बोलणंच बंद पडलं, तर ती तोंडाच्या हालचालीशी संबंधित जागा असू शकते. ‘हा... हा...’ म्हणता येतंय पण नाव येत नाही, तर तोंड चालू आहे, शब्द सापडत नाहीये. म्हणूनच नुसतं ‘कंगवा’ न म्हणता ‘हा कंगवा आहे’ असं पूर्ण वाक्य म्हणायला लावतात. आणि इथे मराठीची एक खासियत आहे. इंग्रजीत ‘धिस इज’ म्हणताना पुढच्या शब्दाबद्दल काहीच ठरवावं लागत नाही. मराठीत मात्र हा, ही की हे, हे आधी ठरवावं लागतं. मावशी कंगव्यासाठी ‘हा’ म्हणाली, म्हणजे तिच्या डोक्यात शब्दाचं लिंग आलं होतं, शब्दाचा आवाज आला नव्हता. इटालियन बोलणाऱ्यांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. शब्द अगदी जिभेवर येऊन अडकलेला असतानाही लोक त्याचं लिंग अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगत होते.

चित्रं निवडणं हे वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकेतून आलेली आणि बऱ्याच देशांत वापरली जाणारी बोस्टन नेमिंग टेस्ट आहे, ६० चित्रांची. त्यात इग्लू आहे, हार्प आहे, प्रेट्झेल आहे. सोलापूरच्या निवृत्त बाईंना प्रेट्झेल ओळखता आला नाही तर दोष मेंदूचा की प्रेट्झेलचा? मावशीच्या थेरपिस्टकडे आपल्याकडच्या वस्तूंचा संच होता, लाटणं, सूप, खलबत्ता, बादली. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस तिनं सगळी चित्रं दाखवली. जिथे मावशी जराही अडखळली ती चित्रं काढून टाकली, म्हणजे आत काही अडलं तर ते विजेमुळेच अडलं असं म्हणता यावं. एका चित्राला कोणी चपाती म्हणतं, कोणी पोळी. मावशी काय म्हणते ते लिहून घेतलं.

इथे जरा विषयांतर करतो. ऑपरेशन चालू असताना पेशंट स्तोत्र म्हणतोय, गाणं म्हणतोय, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. छानच आहेत, माणूस शांत राहतो आणि उच्चार नीट आहेत हे कळतं. पण पाठ असलेली गोष्ट घडाघडा म्हणणं आणि नवीन शब्द शोधणं ही वेगवेगळी कामं आहेत. बोलणं गेलेली माणसंसुद्धा कधी कधी एक ते दहा आकडे म्हणतात, प्रार्थना म्हणतात, शिव्याही स्वच्छ देतात. त्यामुळे नुसतं स्तोत्र म्हणवून भाषा वाचली असं म्हणता येणार नाही. २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये एका बाईंनी ऑपरेशनमध्ये व्हायोलिन वाजवलं, ते मात्र मुद्द्याला धरून होतं, कारण त्यांना वाचवायची होती ती व्हायोलिन वाजवणारी बोटंच. जे तपासाल तेवढंच वाचतं.

आणि या वाक्यावर येऊन आमचं घर अडकलं.

माझं आजोळ अक्कलकोटचं. आजीची भाषा कन्नड. मावशी आणि आई घरात कन्नड बोलत वाढल्या, शाळेत मराठी. मावशीचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीशी ती रोज रात्री फोनवर बोलते ती कन्नडमध्येच. सर्जननी विचारलं, ‘रोज कुठल्या भाषेत बोलता?’ मावशी म्हणाली, ‘मराठी.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आणि आईशी कन्नड.’

मराठी वाचली की कन्नड आपोआप वाचेल, असं मला वाटत होतं. तसं नसतं. २००४ मध्ये ओजमन यांच्या गटानं २५ द्विभाषिक पेशंटांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक निघाल्या, तर काही अशा की वीज लावली तर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. म्हणजे दोन्ही हव्या असतील तर दोन्ही तपासायला हव्यात. पण जागा माणूस थकतो. तास-दीड तासानंतर विजेशिवायही चुका व्हायला लागतात, मग चाचणीला अर्थ उरत नाही. शिवाय जितक्या जास्त जागा राखून ठेवाल तितकी गाठ मागे राहण्याची शक्यता जास्त. आणि ही गाठ जितकी जास्त निघेल तितकं पुढचं आयुष्य साधारणपणे लांबतं. थोडक्यात, सर्जन विचारत होते की कन्नडसाठी किती किंमत द्यायची तयारी आहे. हा निर्णय डॉक्टरांचा नव्हता, आमचाही नव्हता. मावशी म्हणाली, ‘आईला मराठी कळतं रे, पण ती मराठीत बोलत नाही माझ्याशी.’ झालं, ठरलं.

थेरपिस्टला कन्नड येत नव्हतं. भूल विभागातला एक रेसिडेंट डॉक्टर कलबुर्गीचा निघाला. आईनं एका रात्रीत देवनागरीत यादी केली. मांजर म्हणजे बेक्कु, दार म्हणजे बागिलु, केळं म्हणजे बाळेहण्णु. मी ती चित्रांच्या क्रमानं एक्सेलमध्ये टाकली. या सगळ्या प्रकरणात माझं योगदान काय, तर तीस ओळींची एक शीट.

आधी मराठीची फेरी झाली, मग गाठीच्या कडेच्या जागांवर कन्नडची छोटी फेरी. एका जागी मराठी तिन्ही वेळा नीट चालली. कन्नडमध्ये मावशी ‘इदु...’ म्हणून दोनदा थांबली. तिथेही खूण झाली. गाठीचा साधारण चणाडाळीएवढा भाग तिथे तसाच ठेवला.

पृष्ठभागाचा नकाशा झाला म्हणजे संपलं नाही. लबोर्न्यच्या मेंदूत दिसलं तसं खरं वायरिंग आत असतं. फ्रान्समधल्या माँपेलिए इथले ह्यूग द्युफो यांनी गाठ काढता काढता आतल्या तारांवरही वीज लावून बघायची पद्धत खूप पुढे नेली. तिथल्या चुका वेगळ्या असतात. एका तारेवर लावली तर शब्दातले आवाज बिघडतात, कात्रीची ‘ताक्री’ होते. दुसऱ्या तारेवर लावली तर आवाज शाबूत पण अर्थ घसरतो, मांजराला ‘कुत्रा’ म्हटलं जातं. कुठली चूक होतेय यावरून सर्जनना कळतं की आपण कुठल्या तारेजवळ पोचलो. मग तिथे थांबायचं.

एवढा खटाटोप करून फायदा होतो का? २०१२ मध्ये ९० अभ्यासांतल्या ८,०९१ पेशंटांची माहिती एकत्र केली गेली. नकाशा काढून केलेल्या ऑपरेशनांनंतर कायमचं गंभीर नुकसान ३.४ टक्के लोकांत, न काढता केलेल्यांत ८.२ टक्के. आणि गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाणही नकाशा काढलेल्यांतच जास्त होतं. मला आधी हे उलट वाटलं होतं. पण विचार करा, धोका नेमका कुठे आहे हे कळलं की बाकी ठिकाणी हात मोकळा चालतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं २००८ मध्ये २५० पेशंटांचा अनुभव मांडला. सहा महिन्यांनी हयात असलेल्या २४३ जणांपैकी फक्त ४ जणांत भाषेचा नवीन दोष टिकून होता.

‘सहा महिन्यांनी’ हे शब्द मात्र नीट वाचा. आम्ही ते वाचले नव्हते. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मावशी चांगली बोलली, तिसऱ्या दिवशी सूज वाढली आणि ती जवळपास गप्प झाली. ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’, बस. आईनं बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. थेरपिस्ट म्हणाली की हे अपेक्षित आहे, आणि ते खरंही होतं, पण ऑपरेशनच्या आधी कोणीतरी बसवून नीट सांगायला हवं होतं. तुमच्या घरी अशी वेळ आली तर एवढं आधीच विचारा: पहिले काही आठवडे बोलणं किती बिघडू शकतं, स्पीच थेरपी कधी सुरू होणार, आणि पेशंटला येणाऱ्या सगळ्या भाषांबद्दल कोणी विचारलंय का.

सहाव्या आठवड्यात मावशी वाक्यं बोलायला लागली. मराठी आधी आली, कन्नड मागून आली. आजीला पहिला फोन केला तेव्हा आजी ऐकू येत नाही म्हणून ओरडत होती आणि मावशी शब्द सापडेना म्हणून थांबत होती, त्यामुळे दोघींनाही वाटलं फोनच खराब आहे.

ती राखून ठेवलेली चणाडाळ अजून तिथेच आहे. दर काही महिन्यांनी एमआरआय होतो, मावशी रिपोर्टच्या आधी दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. मागच्या वेळी वाढ नव्हती. बोलण्यात आता अनोळखी माणसाला काही जाणवणार नाही. फक्त ‘कंगवा’ अजून अडतो. ‘हा...’ म्हणते, थांबते, मग म्हणते, ‘ही फणी दे रे इकडे.’